पैशाची मुदत आणि मातीची मुदत : नाबार्डच्या वाटचालीचा विचार

राष्ट्रीय कृषी आणि ग्रामीण विकास बँक, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली नाबार्ड, १२ जुलै १९८२ रोजी मुंबईत सुरू झाली. चार दशकांहून मोठा तिचा इतिहास मांडायचा म्हटला की आकडे आपोआप पुढे येतात. किती कोटींचा फेरवित्तपुरवठा झाला, किती बचत गट बँकांशी जोडले गेले, किती रस्ते आणि पूल बांधले गेले. हे आकडे मोठे आहेत आणि त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही त्यांतून एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. गावात आणि शेतीत गेलेल्या सार्वजनिक पैशापैकी कोणता पैसा पंधरा वर्षांनीही काम करताना दिसतो आणि कोणता त्याच हंगामात जिरून जातो? या लेखाचे म्हणणे असे आहे की हे बऱ्याच अंशी पैशाच्या मुदतीवर ठरते. बियाणे, खत आणि मजुरीचा पैसा बारा महिन्यांत फिरून यायला हवा. विहिरीचा पैसा फिटायला काही वर्षे लागतात. आंब्याच्या कलमाला जरा बरे फळ धरायला चार-पाच वर्षे जातात आणि उजाड डोंगरउतार सावरून खालच्या विहिरींना पाणी टिकायला त्याहून अधिक पावसाळे लागू शकतात. अंदाजपत्रक मात्र दर मार्चअखेर संपते आणि सरकारची मुदत पाच वर्षांची असते. नाबार्डने जिथे पैशाची मुदत मातीच्या मुदतीशी जुळवली आणि त्याबरोबर गावाची जबाबदारीही ठरवून घेतली, तिथे तिचे काम टिकले. जिथे तिला वर्षाच्या हिशेबात कोंबले गेले, तिथे खर्च वाढला आणि हाती कमी उरले. हे म्हणणे इतिहासाच्या पुराव्यावर तपासून पाहायचे आहे.

मुदतीचा हा प्रश्न नाबार्डच्या पुष्कळ आधीचा आहे, आणि त्याचे मूळ महाराष्ट्रातच सापडते. १८७५ च्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांचा उद्रेक झाला, सावकारांची कर्जखते जाळली गेली आणि दंगे पुणे-नगरच्या गावांत पसरले. त्यानंतर १८७९ चा दख्खनचा शेतकरी दिलासा कायदा आला, १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज कायदा आला आणि १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा आला. शेवटच्या दोन कायद्यांखाली मिळणारे कर्ज म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडची तगाई. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की मुदतीचा भेद तेव्हाच मान्य झाला होता. विहीर, बांधबंदिस्ती अशा टिकाऊ कामांसाठी १८८३ चा कायदा आणि बी-बैलांसारख्या चालू गरजांसाठी १८८४ चा. याच १८८३ साली जोतीराव फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत होते. डोंगरावरून वाहून जाणारी माती आणि पाणी अडवण्यासाठी ठिकठिकाणी तालीवजा बंधारे घालावेत आणि त्यासाठी सरकारने आपल्या पलटणी व पोलिसांचे रिकामे हात वापरावेत, असे त्यांनी त्यात सुचवले. पाणलोट विकासाचा गाभा त्या सूचनेत आहे. सरकारी तगाईत तो नव्हता. तगाई एकेका खातेदाराला मिळे, महसूल खात्याच्या मर्जीने मिळे आणि दुष्काळ पडला की तिचा जोर वाढे. मुदत लांब होती, पण गाव त्या हिशेबात कुठेच नव्हते.

त्यानंतरची वाट थोडक्यात सांगता येते. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्था आल्या. १९३५ साली रिझर्व्ह बँक स्थापन झाली तेव्हाच तिच्यात कृषी पतपुरवठा विभाग होता, आणि मध्यवर्ती बँकेने शेतीकडे लक्ष देण्याची तरतूद मूळ कायद्यातच असणे ही त्या काळी जगात विरळ गोष्ट होती. तरीही स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली, तेव्हा चित्र निराशाजनक निघाले. शेतकऱ्याच्या कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम ३ टक्के, सरकारचा जवळपास तेवढाच आणि व्यापारी बँकांचा एक टक्क्याहूनही कमी होता. सुमारे ७० टक्के कर्ज सावकारांचे होते. धनंजयराव गाडगीळ या समितीचे सदस्य होते, आणि राज्याने सहकारात भागीदार म्हणून उतरावे या तिच्या शिफारशीवर महाराष्ट्रातल्या अनुभवाची छाप आहे. १९५५ साली स्टेट बँक आली. १९५६ साली रिझर्व्ह बँकेत दोन राष्ट्रीय निधी उभे राहिले, एक दीर्घ मुदतीच्या कर्जांसाठी आणि दुसरा दुष्काळात पीककर्ज लांबवावे लागले तर आधार देण्यासाठी. १ जुलै १९६३ रोजी कृषी पुनर्वित्त महामंडळ सुरू झाले आणि १९७५ मध्ये त्याच्या नावात ‘विकास’ हा शब्द आला. म्हणजे १९७०च्या दशकाअखेर थोड्या मुदतीचा पैसा रिझर्व्ह बँकेकडून आणि लांब मुदतीचा या महामंडळाकडून अशा दोन वेगळ्या वाटांनी गावापर्यंत येत होता.

१९७९ साली नेमलेल्या बी. शिवरामन समितीने या दोन वाटा एकत्र आणण्याची शिफारस केली, आणि त्यातून नाबार्डचा जन्म झाला. संसदेने १९८१ साली कायदा केला. १०० कोटी रुपयांचे मूळ भांडवल केंद्र सरकार आणि रिझर्व्ह बँक यांनी निम्मे निम्मे दिले. रिझर्व्ह बँकेचे कृषी पतपुरवठ्याचे काम आणि पुनर्वित्त महामंडळ या दोन्हींची माणसे, येणी आणि सवयी एका छपराखाली आल्या. पहिले अध्यक्ष एम. रामकृष्णय्या होते. नव्या संस्थेला तीन कामे दिली गेली. बँकांना फेरवित्तपुरवठा करायचा, सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांची तपासणी करायची आणि ग्रामीण विकासाचे नवे मार्ग शोधायचे. तिसरे काम नेमके किती मोठे, हे कायद्यात स्पष्ट नव्हते. मोजायला ते अवघड होते, त्यामुळे पहिली दोन कामे त्याला झाकोळून टाकतील हा धोका सुरुवातीपासून होता. शेतीची आणि गावाची पत एकाच संस्थेने, एकाच नजरेने पाहावी हा समितीचा विचार मात्र योग्य होता. पीककर्ज थकले की मुदत कर्जही थकते, आणि विहीर आटली की दोन्ही थकतात, हे वेगवेगळ्या कार्यालयांत बसून दिसत नाही.

पहिल्या दशकात पुनर्वित्त महामंडळाचा वारसा पुढे चालला, आणि त्यात मोठा भाग लघुसिंचनाचा होता. विहिरी, बोअर, विजेचे पंप. महाराष्ट्रात कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात दुसरे पीक आले ते बहुतेक याच कर्जांमुळे, आणि हे कर्ज लांब मुदतीचेच होते. इथे आपल्या म्हणण्याला पहिली अडचण येते. मुदत लांब असली की पैसा टिकतो, असे असते तर पंपांच्या कर्जांनी गावे सुरक्षित झाली असती. तसे झाले नाही. एकाच ओढ्याकाठी दहा जणांना दहा विहिरींसाठी कर्ज मिळाले की अकरा जणांचे पाणी खोल जाते. बँकेच्या तंत्रज्ञांना हे कळत होते. म्हणूनच दोन विहिरींमध्ये किमान अंतराची अट होती, भूजलाच्या उपशाप्रमाणे पाणलोट क्षेत्रांचे वर्गीकरण होत असे आणि अतिशोषित भागात नव्या विहिरींसाठी फेरवित्तपुरवठा बंद केला जाई. राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेची आकडेवारी त्यासाठी वापरली जात असे. पण ही अट कर्ज घेणाऱ्यालाच लागू होती. ज्याच्या गाठीला पैसा होता तो बँकेकडे न जाता खोल बोअर मारत होता, आणि शेतीपंपाच्या विजेचा आकार वापरावर नसून अश्वशक्तीवर असल्यामुळे जास्त उपसा करणाऱ्याला जास्त किंमत मोजावी लागत नव्हती. म्हणून म्हणणे थोडे दुरुस्त केले पाहिजे. लांब मुदत आवश्यक आहे, पण ती एकट्या खातेदाराशी बांधलेली असेल तर पुरेशी नाही. जमिनीखालचे पाणी गटक्रमांक मानत नाही. त्याच्यावर केलेल्या खर्चाला गावाने मिळून बांधून घ्यावे लागते.

हे बांधून घेणे प्रत्यक्षात कसे होते, ते १९९२ साली दोन प्रयोगांतून दिसले. पहिला प्रयोग बचत गटांचा. कर्नाटकातल्या मायराडा या संस्थेच्या अनुभवावरून नाबार्डने ५०० गट बँकांशी जोडण्याचा पथदर्शी कार्यक्रम हाती घेतला. तारण नाही, नोंदणीकृत संस्था नाही, फक्त आठवड्याची किंवा महिन्याची बचत, आपसातले कर्ज आणि त्याची नोंदवही, एवढ्यावर बँकेने कर्ज द्यावे ही कल्पना तेव्हा धाडसाची होती. १९९६ साली रिझर्व्ह बँकेने ती बँकांच्या नेहमीच्या कामात धरली, आणि आज जोडलेल्या गटांची संख्या एक कोटीच्या वर आहे. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळाने या कामाला मोठा हातभार लावला. या प्रयोगाची थोरवी मान्य करूनही त्याच्यावर इथे फार थांबत नाही, कारण गटाचे कर्ज छोटे आणि लवकर फिरणारे असते. दुसरा प्रयोग महाराष्ट्राच्या मातीतला होता आणि या लेखाच्या मुद्द्याला तोच अधिक जवळचा आहे.

तो म्हणजे भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम. त्याची कल्पना फादर हर्मन बाखर या स्विस जेझुइट धर्मगुरूंची. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात अवर्षणग्रस्त गावांत त्यांनी अनेक दशके काम केले होते. पैसा जर्मन सरकारचा, त्यांच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेमार्फत येणारा. तो हाताळण्याची जबाबदारी नाबार्डची, आणि गावांची तयारी करून घेण्यासाठी १९९३ साली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था उभी राहिली. या कार्यक्रमाची रचना बारकाईने पाहावी अशी आहे. कोणत्याही गावाला एकदम पूर्ण रक्कम मिळत नसे. आधी ग्रामसभेने ठराव करायचा की मोकाट चराई बंद, झाडतोड बंद आणि अकुशल मजुरीच्या खर्चाचा १६ टक्के वाटा श्रमदानाने द्यायचा. भूमिहीन आणि एकट्या पालकाची कुटुंबे या श्रमदानातून वगळली होती. मग गावाने निवडलेली पाणलोट समिती, स्थानिक स्वयंसेवी संस्था आणि एक छोटा तुकडा. त्या तुकड्यावर वर्ष-सव्वा वर्ष काम करून दाखवायचे, चर-बांध करायचे, बंदी पाळायची. ते नीट झाले की पूर्ण पाणलोटाचा आराखडा मंजूर व्हायचा. जमिनीच्या प्रत्येक गटावर शेतकरी नवरा-बायकोसोबत उभे राहून त्या जमिनीवर काय करायचे ते ठरायचे, ज्याला कार्यकर्ते नेट प्लॅनिंग म्हणत. माथा ते पायथा हा क्रम मोडायचा नाही. आधी डोंगरमाथ्यावर सलग समतल चर आणि झाडे, मग शेताचे बांध, मग घळीतले दगडी बांध, आणि सगळ्यात शेवटी नाल्यातला सिमेंटचा बंधारा. पैसा समिती आणि संस्था यांच्या संयुक्त खात्यावर यायचा. श्रमदानाच्या मूल्यातला काही भाग गावाच्या देखभाल निधीत जमा व्हायचा.

या रचनेतले प्रत्येक कलम मुदत लांबवणारे आहे. पहिले वर्ष जवळपास फक्त विश्वास बसण्यासाठी दिले आहे, आणि सरकारी खर्चाच्या सवयीत असे वर्ष कुणी देत नाही. सिमेंटचा बंधारा शेवटी ठेवला आहे, म्हणजे ज्या कामात ठेकेदार सुखावतो आणि फोटो चांगला येतो, ते काम वरची माती थांबल्यावरच सुरू होते. नाही तर बंधारा दोन पावसाळ्यांत गाळाने भरतो. आणि देखभाल निधी प्रकल्प संपल्यावर उपयोगी पडावा म्हणून आहे. संगमनेर तालुक्यातली दरेवाडी ही या पद्धतीने सावरलेली गावे पाहायला जाणाऱ्यांची ओळखीची जागा झाली. अवर्षणाच्या पट्ट्यातल्या या गावात डोंगर हिरवे झाले, शेतीत काम वाढले आणि हंगामी स्थलांतर कमी झाले. यातूनच १९९९-२००० च्या अंदाजपत्रकात पाणलोट विकास निधीची घोषणा झाली. २०० कोटींच्या या निधीत केंद्र आणि नाबार्ड यांनी प्रत्येकी १०० कोटी घातले, आणि महाराष्ट्रातला अनुभव इतर राज्यांत नेला गेला. २००६ नंतर विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसह चार राज्यांतल्या ३१ संकटग्रस्त जिल्ह्यांत याच निधीतून काम झाले. आदिवासी भागासाठी वाडीचा कार्यक्रम याच विचाराने आला. मणिभाई देसाईंच्या बाएफ या संस्थेने दक्षिण गुजरातच्या वांसदा भागात एकेका कुटुंबाच्या सुमारे एक एकरावर आंबा-काजूची कलमे, कडेने वनवृक्ष आणि मध्ये अन्नधान्य अशी पद्धत बसवली होती. तीच नाबार्डने केएफडब्ल्यूच्या मदतीने धरमपूरपासून नाशिक-ठाण्याच्या डोंगरी तालुक्यांपर्यंत नेली आणि २००३-०४ मध्ये आदिवासी विकास निधीतून देशभर पसरवली. कलम फळावर येईपर्यंत घरात अन्नाची तजवीज करणारी ही मांडणी मुदतीची जाण ठेवणारी आहे.

चराईबंदीवर गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळून हा इतिहास प्रामाणिक होणार नाही. डोंगर बंद झाला की शेतकऱ्याची विहीर भरते, पण मेंढपाळाची मेंढरे आणि भूमिहीन बाईच्या चार शेळ्या उपाशी राहतात. पाणी साठले ते ज्याच्या शेतात, त्याला फायदा, आणि ज्याच्याकडे शेतच नाही त्याने फक्त त्याग करायचा, अशी ही विभागणी होते. नाबार्डच्या निकषांत भूमिहीनांना समितीत जागा, मजुरीत प्राधान्य आणि बंद केलेल्या डोंगरावरून गवत कापून नेण्याची मुभा यांची तरतूद आहे, पण मजुरी प्रकल्पाबरोबर संपते आणि मोठ्या कळपाला कापलेले गवत पुरत नाही. हा आक्षेप खरा आहे. मात्र त्याचे उत्तर अट काढून टाकणे हे नसावे. अट नसलेल्या डोंगरावर गवत पाच वर्षांत कुणालाच उरत नाही, मेंढपाळालाही नाही. योग्य उत्तर म्हणजे वाढलेल्या पाण्यात आणि चाऱ्यात भूमिहीनाचा हिस्सा लिखित करणे, मासेमारीचा हक्क, चारा विक्रीतला वाटा, पडीक जमिनीवर मालकी. असे करार काही गावांनी केले आहेत, पण संस्थेने ते सर्वत्र सक्तीचे केले नाहीत, आणि ही तिच्या पाणलोट कार्यक्रमाची सगळ्यात मोठी उणीव आहे. दुसरी उणीव पाणी आल्यानंतरची. पाणी वाढले की ऊस, कांदा, डाळिंब येते, बोअर खोल जातात आणि दहा वर्षांची कमाई दोन दुष्काळांत संपते. हिवरे बाजारने उसासारख्या जास्त पाणी खाणाऱ्या पिकांवर आणि शेतीसाठी बोअर मारण्यावर बंदी घालून ती पाळून दाखवली. त्या गावाचा प्रकल्प वेगळ्या, राज्याच्या आदर्श गाव योजनेतला होता, पण शिकवण सारखीच. पाणी अडवण्याचा खर्च सार्वजनिक असेल तर ते वापरण्याचा नियमही सार्वजनिकच असायला हवा.

१९९५-९६ साली संस्थेच्या इतिहासाला आणखी एक वळण मिळाले. त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात ग्रामीण पायाभूत सुविधा विकास निधी आला, सुरुवातीला २,००० कोटींचा. कल्पना साधी होती. बँकांनी आपल्या कर्जाच्या १८ टक्के रक्कम शेतीला द्यायची असते. ज्या बँका कमी पडतील त्यांनी तूट नाबार्डकडे ठेव म्हणून भरायची आणि नाबार्डने ती राज्यांना कर्जाऊ द्यायची. तूट जितकी मोठी, तितके त्या बँकेला ठेवीवर व्याज कमी. या व्याजातल्या फरकाचा काही भाग पाणलोट आणि आदिवासी विकासाच्या निधीत जमा केला जाई. शेतीला कर्ज द्यायला कचरणाऱ्या बँकांचा दंड डोंगरउतारावरच्या चरांत पोचावा, ही रचना मला आजही मनापासून पटते. पहिल्या टप्प्यात अर्धवट पडलेले पाटबंधारे पूर्ण करण्यावर भर होता; दुसऱ्यापासून रस्ते-पूल आले. २०२१-२२ मध्ये या निधीची वार्षिक तरतूद ४०,००० कोटींपर्यंत वाढवली गेली. राज्यांना हे कर्ज सात वर्षांत फेडायचे असते, त्यात पहिली दोन वर्षे सवलतीची. इथेही मुदतीची गाठ पडते. सात वर्षांची मुदत पुलाला पुरते, पण मोठ्या धरणाला आणि त्याच्या चाऱ्यांना पुरत नाही, म्हणून २०१६-१७ साली अशा ९९ सिंचन प्रकल्पांसाठी नाबार्डमध्येच वेगळा दीर्घकालीन सिंचन निधी काढावा लागला. गोसीखुर्दसह महाराष्ट्राचे कितीतरी प्रकल्प त्यात आहेत. राज्यांवर कर्जाचा बोजा वाढतो हा आक्षेप इथे ऐकू येतो. तो निधी असो वा नसो, राज्ये बाजारातून कर्ज काढतातच. फरक इतकाच की या कर्जाला कामाचे नाव असते, आणि रक्कम झालेल्या खर्चापोटी मिळते.

या सगळ्या प्रवासात एक ओढ उलट दिशेची राहिली, आणि तीच सर्वात बलवान ठरली. २००६-०७ पासून केंद्राने तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याजात सवलत दिली, पुढे वेळेवर फेडणाऱ्याला दर ४ टक्क्यांवर आला, आणि महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज शून्य टक्क्यावर मिळू लागले. शेतकऱ्याला हे हवेच होते. पण विहीर खोदणाऱ्याला, शेततळे करणाऱ्याला, कलम लावणाऱ्याला व्याजाचा पूर्ण दर द्यावा लागतो. सार्वजनिक पैसा बारा महिन्यांच्या बाजूला उभा राहिला, आणि देशाच्या शेतीकर्जातला मुदत कर्जाचा वाटा २०११-१२ च्या सुमारास चौथ्या हिश्शापेक्षाही खाली गेला. त्यानंतर तो सावरला, पण त्यात ट्रॅक्टर आणि इतर यंत्रांचाही समावेश आहे. मातीवर झालेली गुंतवणूक किती, हे त्यातून कळत नाही. १९९०, २००८, २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्यांनी संकटातल्या कुटुंबांना श्वास दिला, आणि त्या वेळी त्यांना विरोध करणे माणुसकीचे नव्हते. त्यांतून मागच्या हंगामाचा खर्च भरून निघाला. पुढचा दुष्काळ सोसण्याची ताकद त्यातून वाढली नाही.

यावर बँकिंगचा अनुभव असलेले लोक विचारतात, लांब मुदतीचे कर्ज इतके चांगले, तर भूविकास बँका का बुडाल्या? महाराष्ट्रात त्या तर अवसायनात गेल्या. प्रश्न योग्य आहे. या बँकांना ठेवी जवळपास नव्हत्या. त्या पूर्णपणे नाबार्डच्या फेरवित्तपुरवठ्यावर आणि राज्याच्या हमीवर उभ्या होत्या. वसुली थांबली की फेरवित्तपुरवठा थांबे, आणि वसुली थांबे ती बहुतेक वेळा पुढची माफी येईल या आशेने. शिवाय त्यांचे कर्ज एकट्या विहिरीवर होते, जिचे पाणी दुसऱ्याच्या बोअरने ओढले जात होते. म्हणजे बुडण्याचे कारण लांब मुदत नव्हती. सामूहिक बांधणीशिवाय दिलेली लांब मुदत आणि वसुलीतला राजकीय हस्तक्षेप, ही दोन कारणे होती. बाजारावर सोडा, असे म्हणणाऱ्यांनाही इथेच उत्तर मिळते. भूजल तारण ठेवता येत नाही आणि डोंगरावर थांबलेल्या मातीचे मोल कोणत्याही एका शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर लिहिले जात नाही. ज्याचा फायदा विखुरलेला आहे आणि ज्याला वेळ लागतो, त्यावर खासगी पैसा येत नाही. त्यावर सार्वजनिक पैसा येण्यासाठीच ही संस्था काढली गेली.

पाणलोटाच्या या संथ पद्धतीवर शेवटचा आक्षेप तिच्या वेगाचा. शेकडो गावे होईपर्यंत हजारो गावांत पाणी नसेल तर गावाने तयार होण्याची वाट का पाहायची? २०१४ साली डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाने हाच विचार केला. यंत्रे लावून नाले खोल-रुंद केले गेले, आणि थोड्या वर्षांत मोठ्या संख्येने गावे ‘पूर्ण’ झाली. त्यातली काही गावे खरोखर सावरली. पण २०२० साली विधिमंडळात मांडलेल्या अहवालात महालेखापरीक्षकांनी अभियानाच्या खर्चाच्या मानाने भूजलपातळी आणि पाण्याच्या स्वयंपूर्णतेवर परिणाम फार थोडा झाल्याचे नोंदवले. वेग मिळाला तो माथा सोडून पायथ्यापासून काम सुरू केल्याने, आणि नेमकी हीच गोष्ट भारत-जर्मन कार्यक्रमाने नाकारली होती. वेगाला माझा विरोध नाही. गावाच्या तयारीचे पहिले वर्ष अनेक गावांत एकाच वेळी सुरू करता येते, त्यासाठी प्रशिक्षित कार्यकर्ते मोठ्या संख्येने हवेत, आणि त्यांच्या पगाराला पैसा हवा. शासनाला यंत्रांच्या तासांसाठी पैसा सापडतो आणि कार्यकर्त्याच्या पगारासाठी सापडत नाही, ही अडचण खर्चाच्या प्राधान्याची आहे.

अलीकडच्या वर्षांत संस्थेची मालकी आणि तिच्या पैशाचे स्रोत दोन्ही बदलले. २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने आपला बहुतेक हिस्सा केंद्राला दिला, २०१८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन अधिकृत भांडवल ३०,००० कोटींवर गेले, आणि २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने उरलेला थोडा हिस्साही दिला. हवामान बदलाशी जुळवून घेण्याच्या आंतरराष्ट्रीय निधींचे पैसे देशात आणण्याची मान्यता नाबार्डला मिळाली, आणि २०१५ पासून केंद्राचा राष्ट्रीय अनुकूलन निधीही तिच्याकडे आला. बाजारातून रोखे काढून उभा केलेला पैसा मोठा झाला आहे. या पैशाला व्याज द्यावे लागते, म्हणून पाणलोट आणि वाडीसारखे अनुदान संस्थेच्या वरकड उत्पन्नावर आणि जुन्या निधींवर अवलंबून राहते, आणि ते वाढवण्याचा निर्णय दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो. अशा परिस्थितीत ‘जीवा’ या नव्या कार्यक्रमाकडे लक्ष जाते. पाणलोट आणि वाडीचे काम झालेल्या गावांतच निसर्गाशी जुळणाऱ्या शेतीचे पुढचे काम करायचे, जमिनीचा कस, मिश्र पिके आणि पाण्याचा ताळेबंद हाती घ्यायचा, अशी त्याची योजना आहे. सरकारी दप्तरात जे गाव पूर्ण झाले म्हणून बंद होते, तिथे ही संस्था परत जात आहे. देखभाल निधीतले पैसे कुठे खर्च झाले, चराईबंदी अजून पाळली जाते की नाही, किती बोअर नव्याने पडले आणि भूमिहीन कुटुंबांचे काय झाले, या चार गोष्टी त्या गावांत मोजून लिहून ठेवल्या, तर पुढच्या पाणलोट प्रकल्पाची मंजुरी कोणत्या अटींवर द्यायची, हे त्या नोंदींवरून ठरवता येईल.